ताईचा लॅपटॉप

आमची ताई यंदा तालुक्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकायला जाते. तिला लॅपटॉप पाहिजे होता. सोयाबीन विकल्यावर बाबा म्हणाले, "चला, आता घेऊ." मी पण गेले.

दुकानात दोन लॅपटॉप दाखवले. एक १४ इंची, दुसरा १५.६ इंची. किंमत सारखीच. मी टेपने लहान पडद्याची रुंदी मोजली, तर १४ इंच भरेना. दुकानदारकाका हसले. म्हणाले, "बाळ, पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात." तसा मोजला. बरोबर १४ भरला!

बाबा म्हणाले, "तेवढ्याच पैशात मोठा मिळतोय, मोठाच घेऊ." ताई गप्प बसली. ती रोज दोन किलोमीटर फाट्यापर्यंत चालते. पुढे एस.टी.त बहुतेक उभीच असते.

मी काकांना वजन विचारले. लहान १.४ किलो, मोठा १.७ किलो. बाबा म्हणाले, "तीनशे ग्रॅमचं काय एवढं?"

मी म्हणाले, "फवारणीचा पंप रिकामा होत आला तरी संध्याकाळी पाठीला जड लागतो, असं तुम्हीच म्हणता ना?"

बाबा जरा वेळ बोललेच नाहीत. मग ताईला म्हणाले, "पोरी, तुला कोणता पाहिजे?"

ताई म्हणाली, "लहान. अक्षरं बारीक दिसली तर मोठी करता येतात."

लहानच घेतला. दुसऱ्या दिवशी ताईची बॅग मी फाट्यापर्यंत नेली. वह्या, डबा, लॅपटॉप, चार्जर. खांदा लई दुखला!

म्हणून वस्तू घेताना ती कोण वाहणार, त्याला आधी विचारावे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी