गोलघुमट, आभाळ आणि आबांचा फोटो

ज्वारीची मळणी आटोपली, धान्य घरात आले, की चार दिवस कुठेतरी जाऊन यावे असे तुमच्याही मनात येत असेल. सोलापूरकडच्या मंडळींना विजापूर काही लांब नाही. शंभर किलोमीटरच्या आसपास. २०१४ साली त्याचे सरकारी नाव विजयपूर झाले, पण आपल्या तोंडी अजून विजापूरच. तिथे गेलात तर गोलघुमटाचा फोटो काढल्याशिवाय काही परत येणार नाही. म्हणून माझी चूक तुमच्या कानावर घालून ठेवतो.

गोलघुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर. १६२७ ते १६५६ त्याने राज्य केले. शहाजीराजे त्याच्याच चाकरीतले मोठे सरदार. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आणि आत आधाराला एकही खांब नाही. एकमेकींत गुंतलेल्या कमानींवर तो तोललेला आहे. चार कोपऱ्यांना सात-सात मजल्यांचे मनोरे. त्यांतल्या जिन्याने वर सज्जात जाऊन भिंतीशी हळूच बोलले, तरी पलीकडच्या माणसाला ऐकू येते.

आम्ही गेलो तेव्हा माझे वडील, आबा, बरोबर होते. इमारत एवढी थोरली, की फोनच्या साध्या भिंगात मावेना. मग वाइड अँगलचे भिंग लावले. हल्लीच्या बऱ्याच फोनांत ०.५ असा आकडा दिसतो, तेच हे. आबांना कडेला उभे केले, फोन वर कलवला आणि आभाळासकट अख्खा घुमट घेतला. घरी येऊन पाहतो तो काय! मनोरे आत झुकलेले, घुमट उपड्या वाटीएवढा आणि आबा ओढून ताणल्यासारखे, चेहरा काळाठिक्कर.

असे का झाले ते मागाहून ध्यानात आले. उसाच्या रानात बांधावर उभे राहून पाहा. सऱ्यांमधले अंतर सगळीकडे सारखेच, पण पलीकडच्या टोकाला त्या एकमेकींजवळ आलेल्या दिसतात. फोन वर कलवला की मनोऱ्यांचेही तसेच होते. माथा पायथ्यापेक्षा लांब, म्हणून वर निमुळते. तेव्हा गवंडी ओळंबा धरतो तसा फोन सरळ धरा आणि इमारत मावेपर्यंत मागे सरका. खाली जमीन जास्त येईल, येऊ द्या. ती नंतर कापता येते.

हे भिंग कडेची वस्तू ताणते, म्हणून माणसाला मधोमध उभे करा. आभाळ उजळ असले की फोन त्याच्या उजेडाला जुळवून घेतो आणि माणूस काळा पडतो. त्यासाठी पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा. इमारतीची दर्शनी बाजू दक्षिणेला आहे. थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो, तेव्हा तिच्यावर चांगले ऊन असते. सकाळी किंवा तिसऱ्या प्रहरी ऊन तिरपे असताना दगड आभाळावर छान उठून दिसतो.

त्या सहलीनंतर आठ महिन्यांनी आबा गेले. भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो, तर बाहेरगावी काढलेला तो एकच, आणि तो लावण्याजोगा नाही. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला. आई त्याच्याकडे पाहून म्हणते, "हे असे कधी दिसत नव्हते रे."

म्हणून सांगतो, कुठेही गेलात तरी आधी आपल्या माणसाचा फोटो काढा. साध्या भिंगाने, जवळून, दोन शब्द बोलवत. घुमटाचा मागाहून काढा. साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ तो उभा आहे. आणखी पाच मिनिटे थांबेल.