आल्पबाखला जाण्याआधी

मराठीचा प्राध्यापक बर्फावर घसरायला आल्प्समध्ये निघाला आहे, ही बातमी आमच्या स्टाफरूममध्ये विनोद म्हणूनच स्वीकारली गेली. "अलंकार शिकवून झाले, आता अवयव मोडून घ्या," असे एका ज्येष्ठ स्नेह्यांनी सांगितले. दुसऱ्यांनी विचारले, "का हो, आपले गुलमर्ग काय वाईट?"

गुलमर्ग मुळीच वाईट नाही. तिथला पाळणा माणसाला चार हजार मीटरांच्या जवळपास नेऊन सोडतो, बर्फ भरपूर पडते आणि व्हिसा लागत नाही. नुसते बर्फच पाहायचे असते तर मी डोळे मिटून काश्मीरचे तिकीट काढले असते. पण आमची थोरली मुलगी म्युनिकला नोकरी करते, आणि दोन वर्षांत ती घरी आलेली नाही.

गेल्या चैत्रात तिने फोनवर आईला सांगितले, की आता मी इकडेच राहायचे म्हणते. आणि माझ्या लग्नासाठी जे पैसे बाजूला ठेवले आहेत ते माझ्यासाठी अडकवून ठेवू नका. वाक्ये दोनच, पण त्यानंतर मायलेकींचे बोलणे हवा-पाणी आणि जेवणखाण यांच्यापलीकडे गेलेले नाही. पडद्यावर माणूस दिसते, बोलते. परंतु ते उठून आत गेले तर त्याच्यामागोमाग स्वयंपाकघरात जाता येत नाही, आणि आमच्या घरातली खरी बोलणी आजवर स्वयंपाकघरातच झाली आहेत. म्हणून मी सुचवले, की त्याच ठेवीतला काही भाग मोडू आणि सहा दिवस एका छपराखाली राहू. ठेव दोघांच्या नावावर. सौभाग्यवतींनी सही करायला तीन दिवस घेतले.

मुलीची अट एकच होती : "बाबा, म्युनिकच्या माझ्या खोलीत समोरासमोर बसून राहायचे नाही. काहीतरी करायला हवे." ती तिकडे स्की शिकली आहे. तेव्हा स्की ठरले. सौ.ची अट अशी, की गर्दी आणि गोंगाट नको. गाव गावासारखे असावे.

या दोन अटी एकत्र जुळवणे वाटते तितके सोपे नाही, हे मला नकाशे घेऊन बसल्यावर कळू लागले. आल्प्समध्ये स्कीची ठिकाणे ढोबळमानाने दोन जातींची. एक जात फ्रान्समध्ये १९६० च्या सुमारास आणि नंतर उभी राहिली. पूर्वी जिथे केवळ उन्हाळी कुरणे होती अशा उंचीवर सिमेंटच्या बहुमजली इमारती बांधल्या. दार उघडले की पायाखाली बर्फ. सोय उत्तम, पण गाव म्हणावे असे त्यात काही नाही. दुसरी जात जुन्या खेड्यांची. शेतकऱ्याने घर बांधताना स्कीचा विचार केला नव्हता; जिथे गवत उगवते, पाणी मिळते आणि हिमलोट कोसळत नाही, तिथे त्याने घर बांधले. म्हणजे ही खेडी खाली, हजार-बाराशे मीटरांवर. आणि नेमक्या याच उंचीवर गेल्या काही दशकांत बर्फ बेभरवशाचे झाले आहे. हवामान तापत चालले, की त्याचा पहिला फटका खालच्या उतारांना बसतो. यंत्राने बर्फ फवारता येते हे खरे, परंतु त्या यंत्रालाही हवा शून्याच्या खाली गेलेली लागते. सुंदर गाव निवडावे तर बर्फाची धाकधूक, आणि बर्फाची हमी घ्यावी तर गाव हरवते ! मधला मार्ग असा, की राहायचे जुन्या गावात, पण जिथून पाळण्याने वर दोन हजार मीटरांपर्यंत जाता येईल अशा.

असे शोधता शोधता ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतातले आल्पबाख सापडले.

गाव साधारण हजार मीटरांवर. इन नदीच्या खोऱ्यातून बाजूला फुटलेल्या एका अरुंद दरीत ते वसले आहे, आणि तिथे मोटाररस्ता पोचला तो १९२६ साली. त्याआधी शतकानुशतके गाव जवळजवळ आपल्यातच राहिले, म्हणून घरांची एक रीत टिकली : तळमजला चुनेगच्ची, वरचा मजला लाकडाचा, त्याला लांबरुंद सज्जा, वर पसरट छप्पर. आता अशी गावे इतरत्रही होती. पण पैसा आला की जुनी घरे पडतात, हे आपल्याकडच्या वाड्यांनी आपल्याला शिकवलेच आहे. आल्पबाखच्या महापौरांनी १९५३ साली नियम केला, की नवे बांधकामही जुन्याच रीतीने व्हायचे. पाहुणे वाढले, खानावळी वाढल्या, तरी वरचा मजला लाकडाचाच. १९८३ मध्ये ऑस्ट्रियातले सर्वांत सुंदर गाव म्हणून त्याची निवड झाली. नियमाने राखलेले सौंदर्य थोडे इस्त्रीचे वाटते, असे कुणी म्हणेल. म्हणो बापडा. पुण्यातल्या माझ्या आजोळच्या वाड्याच्या जागी आज जे उभे आहे ते रोज पाहणाऱ्याला इस्त्री चालते.

गावाच्या बाजूने माझे मन पक्के झाले ते मात्र एका थडग्यामुळे. सेंट ओस्वाल्डच्या चर्चच्या आवारात एर्विन श्रोडिंगर चिरनिद्रा घेत आहेत. १९३३ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे, पुंजयामिकीचे समीकरण मांडणारे श्रोडिंगर. १९४५ पासून या गावात दर उन्हाळ्यात विचारवंतांची परिषद भरते, तिच्या निमित्ताने ते इथे येत. जानेवारी १९६१ मध्ये व्हिएन्नात वारले आणि या खेड्यात पुरले गेले. थडग्यावरच्या लोखंडी क्रूसावर त्यांचे समीकरण कोरले आहे. याच गृहस्थांनी १९४४ च्या आपल्या जीवनविषयक छोट्या पुस्तकाच्या शेवटी उपनिषदांतले आत्मा-ब्रह्म ऐक्य आणून ठेवले होते. वेदान्ताची गोडी लागलेला पदार्थवैज्ञानिक बर्फाखाली निजला आहे, तिथे माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला जायला कारण पुरते.

आता वेळ. आमची दिवाळीची सुट्टी इथे निरुपयोगी. तेव्हा खालच्या उतारांवर गवत असते आणि स्की करायचीच तर हिंटरटुक्ससारखी बारमाही हिमनदी गाठावी लागते. मेमध्ये बर्फ वितळून गेलेले. नाताळ ते ६ जानेवारी ही त्यांची ऐन गर्दी, भाडी चढी. फेब्रुवारीत शाळांच्या सुट्ट्या लागतात, की पुन्हा तेच. मधला जानेवारी काय तो शांत आणि स्वस्त, थंडीही भरवशाची. मी अर्जित रजेचा अर्ज दिला. प्राचार्यांनी कारणाच्या रकान्याकडे बराच वेळ पाहिले आणि सही केली.

कागदपत्रांचे थोडे सांगतो, कारण वाचकांपैकी कुणाची मुले तिकडे असतील. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ज्या देशात जास्त रात्री काढायच्या त्या देशाकडे तो करायचा. आमच्या सहा रात्री आल्पबाखच्या आणि तीन म्युनिकच्या, म्हणून विमान जर्मनीत उतरणार असले तरी अर्ज ऑस्ट्रियाकडे. विमा किमान तीस हजार युरोंचा लागतोच. पण एवढ्यावर थांबू नका. आपल्याकडच्या पुष्कळ प्रवासविम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात आणि ती ओळ बारीक अक्षरांत असते. ऑस्ट्रियात उतारावरून जखमी माणसाला हेलिकॉप्टरने उचलले, तर त्याचे बिल त्या माणसालाच येते. हिवाळी खेळ आणि बचावाचा खर्च स्पष्ट लिहून घेतला पाहिजे. पहिल्या विमावाल्याने मला "सर, त्यात सगळे येते" असे सांगितले. मी ओळ दाखवा म्हटले. ती ओळ नव्हती. विमा दुसरीकडे घेतला.

सामान विकत घेऊ नये. बूट, स्की, शिरस्त्राण सारे तिथे भाड्याने मिळते. आत लोकरीचे, वर पाणी न धरणारे. सुती कपडा घामाने भिजला की गारठवतो. नवख्याने स्की-शाळेत नाव घालावे. उतारांना रंग असतात : निळा सोपा, लाल मध्यम, काळा कठीण. मी निळ्याच्याही अलीकडे, लहान मुलांच्या उतारावर असेन. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल यांनी १८९४ मध्ये स्कीवरून दावोसहून डोंगर ओलांडून आरोझा गाठले होते, तेव्हा आल्प्समध्ये हा खेळ नवाच होता. त्यांच्या पँटची त्यात दुर्दशा झाली, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. लेखकांना परंपरा आहे म्हणायची !

सौ. स्की करणार नाहीत. त्या पाळण्याने वर जाऊन ऊन खाणार, आणि बर्फ तुडवलेल्या वाटांवरून फिरणार. म्युनिकहून आगगाडीने कुफ्श्टाइनवरून इन खोऱ्यात यायचे, ब्रिक्सलेगला उतरायचे आणि बसने दरी चढायची, दहा-एक किलोमीटर. वाटेत राटेनबर्ग हे ऑस्ट्रियातले सर्वांत चिमुकले शहर लागते. मागच्या डोंगराने हिवाळ्यात महिनोन्‌महिने त्याचे ऊन अडते, हे वाचून सौ. म्हणाल्या, "तिथे नको हं थांबायला."

राहण्यासाठी खानावळीऐवजी आम्ही स्वयंपाकघर असलेली जागा घेतली आहे. शाकाहाऱ्याला तिकडे चीज घातलेल्या श्पेट्झलेवर दोन दिवस काढता येतात, सहा नव्हे. पिठले-भाताची सोय हे मी सांगितलेले कारण. दुसरे कारण वर येऊन गेले आहे.

१४ जानेवारी आल्पबाखमध्येच उजाडणार. युरोपीय संघाच्या बाहेरून दुधाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत, तुपासकट. त्यामुळे परवा रात्री सौ.नी तुपाचा हातही न लावता तिळगूळ करून पाहिला. पहिला घाणा दगडासारखा झाला. दुसरा बरा साधला. त्यातला एक लाडू माझ्या हातावर ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, तिला विचारा, तीळ भाजलेले आवडतात की अजून कच्चेच ?"

मी म्हटले, तूच विचार. फोन त्यांच्या हातात दिला आणि बाहेर येऊन बसलो.