पुसलेले आणि गेलेले

गेल्या महिन्यात धर्मग्रामाच्या कार्यालयातील जुने कपाट आवरीत असता तळाच्या कप्प्यात एक फ्लॉपी हाती लागली. सव्वापाच इंचांची, काळी, कागदी पाकिटातली. पाकिटावर माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेले होते : ‘लग्नगीते. हात लावू नये.’ आमच्या तरुण साहाय्यक फादरांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “फादर, यात काय आहे?” मी म्हणालो, “अकरा गाणी आहेत. सतरा असायला हवी होती.” त्यांना अर्थातच काही उमगले नाही. वाचकहो, ती हकिगत आज तुम्हांला सांगावी असे वाटते. ती सांगण्यात मला फारसे भूषण नाही. पण तिच्यातून मी जे शिकलो ते घरोघरी संगणक आणि मोबाईल असलेल्या आजच्या काळात कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

ही गोष्ट १९९४ सालची. गुरुदीक्षा होऊन मला दोनच वर्षे झाली होती आणि वसईतील एका धर्मग्रामात मी साहाय्यक धर्मगुरू होतो. तेथील एका सद्‌गृहस्थांनी आपल्या कचेरीतून बाद झालेला संगणक चर्चला देणगी म्हणून दिला होता. त्यावर डॉस ३.३ ही १९८७ सालची प्रणाली होती. काळा पडदा, लुकलुकणारी एक रेघ आणि आज्ञेची वाट पाहणारे यंत्र, एवढेच तिचे रूप. हार्ड डिस्क चाळीस मेगाबाइटची. त्या प्रणालीला बत्तीस मेगाबाइटच्या पुढचा सलग विभाग हाताळता येत नसे, म्हणून तिचे ‘सी’ आणि ‘डी’ असे दोन भाग पाडलेले. आज मोबाईलमधील आठदहा छायाचित्रांनाही ती पुरणार नाही. तेव्हा मात्र आम्हांला ती अथांग वाटत असे.

त्या यंत्रात एक भाग्याची वस्तू होती : पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे जिस्ट कार्ड. इंग्रजी अक्षरांपलीकडे काही न जाणणाऱ्या डॉसला हे कार्ड देवनागरी दाखवायला आणि लिहायला शिकवीत असे. त्यामागे ‘इस्की’ नावाची सांकेतिक पद्धती होती. १९९१ साली तिला भारतीय मानकाचे रूप मिळाले. काळ्या पडद्यावर पहिल्यांदा ‘अ’ उमटलेला पाहिला तेव्हा मला झालेला आनंद आजही आठवतो.

त्याच आनंदाच्या भरात मी एक काम अंगावर घेतले. आमच्या गावात ऐंशीच्या घरातल्या एक आजी होत्या. लग्नघरी बायका गातात ती जुनी गाणी त्यांना जितकी पाठ होती तितकी गावात दुसऱ्या कुणालाच नव्हती. त्यांना लिहिता येत नसे. मी आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांच्या ओटीवर जाऊन बसे, त्या गात आणि मी वहीत उतरवून घेई. रात्री तेच संगणकावर टंकलिखित करून वहीचे पान फाडून टाकी. ‘आता यंत्रात आहे, कागद कशाला?’ असा माझा त्या वेळचा नवशिका अहंकार होता. पावसाळा संपेपर्यंत सतरा गाणी झाली; प्रत्येकाची वेगळी फाइल, सगळ्या ‘डी’ विभागातील एका कप्प्यात.

सप्टेंबरात सणाची पुस्तिका छापायची होती. डिस्क भरत आली होती, म्हणून जुन्या हिशेबांच्या फाइली काढून टाकायला मी बसलो. कप्प्यातील सर्व काही पुसण्याची आज्ञा डॉसमध्ये अवघ्या सात खुणांची असते : डेल, मोकळी जागा, तारा, टिंब, तारा. ती आपण ज्या कप्प्यात उभे असू तेथे लागू होते. मी हिशेबांच्या कप्प्यात आहे असे मला वाटत होते. होतो गाण्यांच्या कप्प्यात. यंत्राने इंग्रजीत विचारले, ‘खात्री आहे का?’ मी ‘वाय’ दाबले. दुसऱ्याच क्षणी चूक लक्षात आली आणि हातपाय गार पडले.

पण खरी चूक त्यापुढची आहे. मी कुणालाही काही बोललो नाही. पुस्तिकेचे काम तर थांबवता येत नव्हते. पुढचे तीन दिवस मी त्याच यंत्रावर, त्याच ‘डी’ विभागात, नोव्हेनाचा कार्यक्रम, वर्गणीदारांची यादी, जाहिराती असे सर्व टंकलिखित करीत राहिलो. रविवारी मिस्सानंतर आजींनी आवारात मला गाठले. “फादर, माझी गाणी कधी छापणार?” मी म्हणालो, “सण होऊ दे आजी, मग.” त्या समाधानाने हसल्या आणि गेल्या. ते हसू मला दोन रात्री झोपू देईना. अखेर मी मोठ्या फादरांपाशी गेलो आणि सर्व सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “आजींना सांगितलं का?” मी मान खाली घातली.

आमच्या धर्मग्रामातला एक तरुण तेव्हा मुंबईत संगणक दुरुस्तीच्या व्यवसायात होता. निरोप मिळताच तो संध्याकाळच्या गाडीने परतून थेट कार्यालयात आला. मी खुर्चीत बसून यंत्र सुरू करू लागलो तसा तो म्हणाला, “फादर, आधी हात काढा. त्यावर आता एक अक्षरही लिहायचं नाही.” मग त्याने मला जे समजावले ते मी आजपर्यंत विसरलेलो नाही.

डॉस एखादी फाइल पुसते तेव्हा तिच्यातील मजकुराला हातच लावीत नाही. डिस्कवर फाइलींची एक नामसूची असते आणि कोणता कप्पा कोणत्या फाइलीकडे आहे हे सांगणारा एक तक्ता असतो. त्याला ‘फॅट’ म्हणतात. पुसण्याची आज्ञा होताच डॉस नामसूचीतील नावाचे केवळ पहिले अक्षर खोडून तेथे एक ठरावीक खूण घालते आणि तक्त्यात ते कप्पे ‘मोकळे’ म्हणून नोंदवते. बस्स. उरलेले नाव, फाइलीची लांबी, ती कोठून सुरू होते याची नोंद आणि मजकूर, सारे जागच्या जागी असते. दुसरे काही त्या जागेवर लिहिले जाईपर्यंत ते तसेच राहते. आपल्या नोंदवहीत एखाद्या नावावर रेघ मारावी, तसे. रेघेखालचे वाचता येते. पण त्यावर दुसरे नाव गिरवले की मग काही वाचता येत नाही.

हे मर्म ओळखून त्याचे साधन करणारा माणूस म्हणजे अमेरिकेतील पीटर नॉर्टन. तरुणपणी काही वर्षे तो एका बौद्ध मठात राहिला होता, हे मला पुढे वाचनात आले आणि उगाचच आपुलकी वाटली. एकदा हातून महत्त्वाची फाइल पुसली गेली, तेव्हा सारे पुन्हा टंकलिखित करण्याऐवजी ती परत आणणारी आज्ञावलीच त्याने लिहिली, असे सांगतात. १९८२ साली त्याने ‘नॉर्टन युटिलिटीज’ हा संच बाजारात आणला. पुसलेले परत आणणारी ‘अनइरेज’ ही त्यातील मुख्य वस्तू. पुढे १९९१ साली मायक्रोसॉफ्टने डॉसच्या पाचव्या आवृत्तीत ‘अनडिलीट’ ही आज्ञा दिली; ती सेंट्रल पॉइंट सॉफ्टवेअर या कंपनीकडून घेतलेली होती. आमच्या डॉस ३.३मध्ये मात्र असे काहीच नव्हते.

त्या तरुणाने नॉर्टनची फ्लॉपी आणली होती. ती त्याने हार्ड डिस्कवर चढवली नाही, फ्लॉपीवरूनच चालवली. औषध ठेवण्यासाठी रोग्याचीच जागा अडवायची नाही, हे तत्त्व. पडद्यावर सतरा नावे आली. प्रत्येक नावाच्या आरंभी प्रश्नचिन्ह होते आणि यंत्र विचारीत होते : पहिले अक्षर कोणते? “कोणतंही दिलं तरी चालतं,” तो म्हणाला, “पण खरं आठवत असेल तर खरंच द्या. उद्या तुम्हांलाच शोधायची आहेत.” मी एकेक अक्षर सांगत गेलो. यंत्राने सर्व राखून ठेवले होते, पण नावाची सुरुवात माणसालाच आठवावी लागत होती.

अकरा गाणी जशीच्या तशी परत आली. त्या डिस्कवर एकेक कप्पा २,०४८ बाइट्सचा होता; बहुतेक गाणी एकेका कप्प्यात मावणारी, त्यामुळे तुकडे जुळवण्याचा प्रश्न आला नाही. सहा मात्र गेली होती. पाचांच्या जागी सणाची पुस्तिका बसली होती. सहाव्याची फाइल उघडली तेव्हा अर्धे गाणे आले आणि मध्येच, नवरीच्या पाठवणीच्या ओळीखाली, वर्गणीदारांची नावे व रकमा सुरू झाल्या. मी पडद्याकडे पाहत राहिलो. तो तरुण हळूच म्हणाला, “फादर, ज्या दिवशी पुसलीत त्याच दिवशी हाक मारली असती तर सतराच्या सतरा निघाली असती.”

परत आलेली गाणी त्या डिस्कवर तशीच ठेवणे त्याला पसंत नव्हते. आमच्या फ्लॉप्यांना पावसाळ्यात बुरशी धरलेली, आणि त्याच्या लॅपटॉपला साडेतीन इंचांचीच फ्लॉपी चाले, आमची सव्वापाचची. त्या काळी मोठ्या कचेऱ्यांत नॉव्हेलच्या नेटवेअरसारख्या प्रणालींनी संगणक एकमेकांना जोडलेले असत. आमच्यापाशी कसले जाळे? पण त्याने पिशवीतून एक केबल काढली आणि दोन यंत्रांच्या पाठी एकमेकींना जोडल्या. लॅपलिंक नावाचे सॉफ्टवेअर ऐंशीच्या दशकापासून हेच काम करीत असे. १९९३च्या डॉस ६मध्ये तर ‘इंटरलिंक’ आणि ‘इंटरसर्व्हर’ ही जोडी आयतीच मिळू लागली होती. देणाऱ्या यंत्रावर इंटरसर्व्हर चालवायचे, घेणाऱ्यावर इंटरलिंक. मग जुन्या यंत्राची डिस्क नव्यावर आपलीच असावी तशी दिसू लागते. एक अट मात्र असते : देणाऱ्या यंत्राला तेवढा वेळ दुसरे कोणतेही काम करता येत नाही. त्याने फक्त देत राहायचे. त्या रात्री मला हेही बरेच काही सांगून गेले.

गाणी लॅपटॉपवर गेली, दुसऱ्या दिवशी मुंबईहून एक कोरी, चांगली फ्लॉपी भरून आली. तीच ही कपाटातली. शिवाय सर्व गाणी कागदावर छापून घेतली.

मग मी आजींकडे गेलो आणि सर्व खरे सांगितले. पुसल्याचे, आणि तीन दिवस गप्प राहिल्याचेही. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “फादर, मला लगेच सांगायचं होतं. मी तेव्हाच पुन्हा गायले असते. आता आजारपणानंतर एका गाण्यात दुसरं मिसळतं.” तरीही त्यांनी त्या संध्याकाळी डोळे मिटून दोन गाणी पुन्हा सांगितली. १९९५च्या उपवासकाळात त्या देवाघरी गेल्या. चार गाणी त्यांच्याबरोबर गेली. त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी शवपेटीपाशी उभा असताना माझ्या मनात एकच विचार होता : पुसणे ही चूक होती, तिला क्षमा होती. पुसल्यावर झाकून ठेवून त्यावरच लिहीत बसणे, याने ती चार गाणी नेली.

उरलेली तेरा गाणी आजवर टिकली ती जागा बदलत राहिल्यामुळे. फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर, तेथून सीडीवर, तेथून आणखी कुठे. मध्यंतरी विंडोजच्या नव्या संगणकावर ती उघडली तर देवनागरीच्या जागी निव्वळ गिचमिड दिसली. नव्या यंत्रांना इस्की कळत नाही. पण युनिकोडमधील देवनागरीची मांडणी मुळात इस्कीवरच आधारलेली असल्याने धर्मग्रामातील एका विद्यार्थ्याने खुणेला खूण लावून एका दिवसात सारे बदलून दिले.

डॉसचे दिवस संपले असे आपण म्हणतो. तेही सर्वस्वी खरे नाही. १९९४ सालीच, मी गाणी पुसली त्याच वर्षी, जिम हॉल नावाच्या एका अमेरिकन विद्यार्थ्याने सर्वांसाठी मोफत असे ‘फ्रीडॉस’ करण्याचा संकल्प जाहीर केला, आणि स्वयंसेवकांनी त्याच्या आवृत्त्या अगदी या दशकापर्यंत काढल्या आहेत. मायकेल ब्रुटमन यांच्या ‘एमटीसीपी’ या संचाच्या साहाय्याने तर चाळीस वर्षांपूर्वीचा संगणकही आजच्या जाळ्याशी बोलू शकतो. जुन्याला हाक मारणारा कुणीतरी असला की जुने इतक्या सहज मरत नाही.

परंतु वाचकहो, एक गोष्ट ध्यानी ठेवा. ती जुनी सवलत आता राहिलेली नाही. आजच्या बहुतेक संगणकांत फिरत्या चकतीऐवजी एसएसडी असते. तिच्यावरील फाइल पुसली की प्रणाली ‘ट्रिम’ नावाची सूचना देते आणि डिस्क त्या जागा स्वतःहून रिकाम्या करू लागते. रेघेखालचे वाचण्याची संधी फार थोडी, बहुधा नाहीच. म्हणून मुलांचे फोटो, वडिलांचा आवाज, आजीचे गाणे, जे जपायचे ते दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवा आणि जमल्यास कागदावरही. आणि काही हरवले तर त्याच दिवशी सांगा.

मी ती फ्लॉपी पुसून पुन्हा कपाटात ठेवली. पुसून म्हणजे फडक्याने. पाकिटावरच्या ‘लग्नगीते’ या शब्दाचे पहिले अक्षर पार फिके पडले होते. तेवढे पेनाने पुन्हा गिरवले.