मुक्काम नव्या वस्तीत, फेरी जुन्या बंदरात

भूमध्य समुद्राकाठच्या एखाद्या जुन्या गावात चार दिवस काढावेत, अशी हौस मराठी पर्यटकाला आता सर्रास असते. डोंगरांनी वेढलेलं बंदर, खडकावर चढलेले किल्ले, अरुंद गल्ल्यांचा बाजार, संध्याकाळी पाण्याकाठची रपेट, हे सगळं हवं असतं. मग व्हिसा, लांबचा विमानप्रवास आणि युरोचा भाव आडवे येतात आणि बेत पुढच्या वर्षावर जातो. अशांनी मस्कतचा विचार करायला हरकत नाही. मुंबईहून विमानानं अडीच-तीन तास लागतात आणि घड्याळ फक्त दीड तास मागे न्यावं लागतं. मात्र मस्कतला जाणाऱ्यानं मुक्काम जुन्या गावाच्या आसपास न ठेवता मदिनत सुलतान काबूसमध्ये, नाहीतर शेजारच्या कुरम किंवा अल खुवैरमध्ये ठेवावा आणि शहर आजकडून कालकडे बघत जावं. या उलट्या क्रमात सोय आहेच, पण मस्कतचा इतिहास कळायचा असेल तर तो जवळजवळ आवश्यक आहे.

यावर पहिली हरकत लगेच येईल: मदिनत सुलतान काबूसमध्ये बघण्यासारखं आहे काय? पांढरी ठेंगणी घरं, कुंपणावरची बोगनवेल, दुकानं, उपाहारगृहं. गाईडबुकात तिला दोन ओळी मिळाल्या तरी पुष्कळ. पण 1970 सालचं मस्कत आठवावं. तेल निर्यात सुरू होऊन तीनच वर्षं झाली होती. सगळ्या देशात डांबरी रस्ता होता जेमतेम दहा किलोमीटर. रात्री गावाचे दरवाजे बंद होत आणि त्यानंतर गावात फिरायचं तर हातात कंदील घ्यावा लागे. त्या वर्षी 23 जुलैला काबूस यांनी वडील सुलतान सैद बिन तैमूर यांना बाजूला करून सत्ता घेतली. दरवाजाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर शहर पसरू लागलं ते त्यानंतर, आणि सत्तरच्या दशकातली ही नियोजित वसाहत त्या पसरण्याच्या पहिल्या टप्प्यातली. तटबंदीतलं गाव कशातून बाहेर पडलं हे इथल्या रुंद रस्त्यांवरून समजतं. इथून निघून मग मुत्रहच्या बाजारपेठेशी आणि जुन्या मस्कतच्या चिंचोळ्या खाडीशी पोचलं की प्रश्न आपोआप पडतो: एवढं नावाजलेलं बंदर इतकं लहान का राहिलं?

त्याच्या उत्तरात मुंबई येते. सय्यद सैद बिन सुलतान यांच्या काळात ओमानची सत्ता पूर्व आफ्रिकेपर्यंत होती. 1826 साली मुंबईच्या गोदीत त्यांच्यासाठी ‘लिव्हरपूल’ नावाची मोठी लढाऊ नौका बांधली गेली. पुढे त्यांनी ती इंग्लंडच्या राजाला भेट दिली आणि तिचं नाव झालं ‘इमाम’. सैद यांचा जीव मात्र झांझिबारमध्ये अधिक रमला. 1856 मध्ये ते वारले, मुलांत वाद लागला, आणि 1861 मध्ये हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग यांनी निवाडा देऊन झांझिबार आणि मस्कत वेगळे केले. झांझिबारनं मस्कतला वर्षाला 40,000 क्राउन द्यावेत असं ठरलं. श्रीमंत भाग गेला आणि गरीब भावाला पोटगी मिळाली, असा तो प्रकार. त्याच सुमाराला आगबोटी आल्या आणि शिडाच्या जहाजांची मिळकत घसरली. शंभर वर्षं गाव तिथल्या तिथे राहिलं. सुलतान तैमूर बिन फैसल यांनी 1932 मध्ये गादी सोडली; त्यांचा अखेरचा काळ मुंबईत गेला आणि 1965 मध्ये त्यांचं निधनही तिथंच झालं. मस्कतच्या बाजारात तोवर रुपयाच चालत होता. 1959 पासून रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळे रुपये छापले आणि ओमाननं ते 1970 पर्यंत वापरले.

त्याहून मागे गेलं की पोर्तुगीज भेटतात, आणि इथं मराठी वाचकाला ओळखीचा सूर लागावा. अल्बुकर्कनं 1507 मध्ये मस्कत जाळलं आणि घेतलं. 1580 च्या दशकात खाडीच्या दोन टोकांना आज जलाली आणि मिरानी म्हणून ओळखले जाणारे किल्ले उभे राहिले. त्यांचा कारभार गोव्याहून चाले, वसई-चौलचाही तिथूनच. 1650 मध्ये इमाम सुलतान बिन सैफ यांनी पोर्तुगीजांना हाकललं आणि मग ओमानी गलबतं त्यांच्या पाठोपाठ आपल्या किनाऱ्यावर आली. 1668 मध्ये दीव लुटलं गेलं. 1674 मध्ये, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्याच वर्षी, मस्कतच्या अरबांनी वसईच्या तटाबाहेरची चर्चं लुटली. चिमाजीअप्पांनी वसई घेतली ती पुढे 1739 मध्ये. याला ‘शत्रूचा शत्रू’ म्हणून मैत्रीचा रंग देण्याचा मोह आवरावा. लुटीत गावकरीही भरडले गेले आणि मस्कतला मराठ्यांशी देणंघेणं नव्हतं, व्यापार हवा होता. पण वसईचा किल्ला पाहिलेल्याला मिरानीसमोर एकाच साम्राज्याची दोन ठाणी ताडून पाहता येतात. आत जायला मिळो न मिळो, खडक, तोफांची जागा आणि खाडीचं तोंड बाहेरूनही वाचता येतं.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. जुन्या मस्कतमध्ये जुनं फारसं उरलेलंच नाही. 1972 मध्ये अल आलम राजवाडा बांधला गेला, भोवतालची बरीच घरं गेली आणि आज तिथं प्रशस्त चौक आहेत. हे खरं आहे, आणि दुब्रोवनिकसारखी अखंड दगडी गल्ली शोधणाऱ्यानं इथं येऊ नये. तरीही राजवाड्याजवळ शंकराचं मोतीश्वर मंदिर आहे, 2016 पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे, आणि मुत्रहच्या बाजारात मांडवीहून आलेल्या कच्छी व्यापाऱ्यांची परंपरा आहे. खिमजी रामदास ही पेढी 1870 ची. इथं सातत्य इमारतींपेक्षा माणसांच्या येण्याजाण्यात जास्त टिकलं आहे.

हिशेब मुक्कामाच्या बाजूनंच लागतो. सुलतान काबूस मशीद 2001 ची. बिगरमुस्लिमांना शुक्रवार सोडून सकाळी आठ ते अकरा. बायकांनी डोकं झाकायचं, हातपाय उघडे नकोत. या वस्तीतून तिथं लवकर पोचता येतं. मुत्रहचा बाजार दुपारी मिटतो, म्हणून तो संध्याकाळी, आणि किल्ल्यांचा भाग ऊन कलल्यावर. मधल्या दुपारी कुरमच्या रास अल हमराकडे जावं. सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी तिथं कोळ्यांची वस्ती होती आणि मस्कतच्या पसाऱ्यातल्या फार जुन्या पानांपैकी ते एक. निझवा आणि बहलाच्या किल्ल्याशिवाय ओमान अपुरं, असं जाणकार म्हणतील. म्हणू द्यावं. तीन-चार दिवसांत तेही कोंबलं तर दिवस गाडीत जातो आणि बंदराला उरते ती फोटोपुरती अर्धी संध्याकाळ. निझवासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत वेगळी फेरी काढावी.