काखेतला चौकोन

राजाचा पोशाख म्हटलं की बघणाऱ्याची नजर छातीवर जाते. जर, बुट्टे, मोत्यांचे सर. गेलं वर्षभर मी नोकरी सांभाळून जुन्या काळातले आणि कल्पनेतले पोशाख शिवतेय, आणि माझी नजर आता आधी काखेत जाते. तिथं कापड कसं जोडलंय यावरून कळतं, की हे अंगात घालून माणूस तलवार उपसू शकेल, की नुसता फोटोपुरता उभा राहील.

सुरुवात बाराबंदीनं झाली. भाच्याला शिवजयंतीला मावळा व्हायचं होतं. बाजारात पाहिली ती तयार बाराबंदी सॅटिनची, मागे चेन आणि पुढचे बंद शोभेला टाचलेले. मला ते बघवेना. बाराबंदीचा सगळा जीव त्या बंदांत आहे. सहा जोड्या, बारा बंद. एक पाखा दुसऱ्यावर घ्यायचा आणि बांधत जायचं. माणूस अंगानं भरो की वाळो, कपडा त्याच्याशी जुळवून घेतो. सोलापूरला संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत आजही भक्तमंडळी पांढरी बाराबंदी घालून उंच नंदीध्वज पेलत चालतात. त्यांचे दंड कसे हलतात ते पाहावं. कपडा कुठं आड येत नाही.

मांजरपाट आणून बेतायला बसले, तेव्हा गल्लीतले शिंपीकाका डोकावले. खडूची रेघ बघून म्हणाले, "मुंढा गोल कापू नका, ताई. बाही सरळ ठेवा, अंग सरळ ठेवा आणि काखेत चौकोन घाला. नाहीतर पोरानं हात वर केला की अख्खी बंडी वर येईल."

तो चौकोन माझ्या वर्षाचा गुरू झाला. तळहाताएवढा कापडाचा तुकडा. त्याचा एक कोपरा बाहीच्या शिवणीत जातो, समोरचा अंगाच्या शिवणीत. उरलेले दोन पुढच्या आणि मागच्या पाख्याला भिडतात. असा बसवला की त्याचे धागे तिरके पडतात, आणि तिरकं कापड ताण सोसतं. टाका कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबवायचा, दोरा दोनदा अडकवायचा, कापड वळवायचं, मग पुढची बाजू धरायची. चारही कोपरे नीट जमले की हात कानाला लागेपर्यंत वर जातो आणि खालची कड जागची हलत नाही. हात खाली आला की चौकोन घडी होऊन दिसेनासा होतो.

गोल मुंढा कापला की चंद्रकोरीसारखे तुकडे केरात जातात. जुन्या बेतात केर जवळजवळ निघतच नाही. अंग आयताकृती, बाही आयताकृती, आणि घेरासाठी लागणाऱ्या कळ्या एका आयताला तिरका छेद दिला की दोन निघतात. हातमागाचा पन्हा लहान, वीतभर कापडामागे कुणाचे तरी कितीतरी श्रम. ते चिंध्यांत घालवायचं कुणाच्या मनातही येत नसणार. आधी विणकराचा मान राखायचा, मग घालणाऱ्याच्या अंगाचा विचार करायचा, हा त्या कातरीचा क्रम मला फार आवडतो.

बाराबंदीनंतर जामा. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये शिवाजी महाराजांचं सतराव्या शतकाच्या अखेरचं गोवळकोंडा शैलीतलं चित्र आहे. ते पडद्यावर मोठं करून मी कितीतरी संध्याकाळी बसले. मुघलकाळच्या लघुचित्रांत जाम्याचे बंद कुठल्या काखेत आहेत ते बघायची सवय त्यातूनच लागली. हिंदूंनी डावीकडे बांधायचे आणि मुसलमानांनी उजवीकडे, असा तेव्हा रिवाज होता. हे एकदा कळल्यावर नाटकातला सरदार भलत्याच बाजूला बंद बांधून आला की डोळ्यांना टोचतं. सिंगरला शिलाई यंत्राचं पेटंट मिळालं १८५१ मध्ये, पर्किननं पहिला कृत्रिम जांभळा रंग केला १८५६ मध्ये. त्याआधीचा कपडा शिवायचा तर दिसणारी प्रत्येक शिवण हातानंच घालावी आणि रंग वनस्पतीचे वाटावेत असे निवडावेत, याबाबतीत मी हट्टी आहे. पावसाळ्यात बाहेर पाणी ओतत असताना मलमलीच्या कडेला तुरपाई करत बसणं, याहून मोठं सुख मला माहीत नाही.

आणि तरीही इतिहास कुठं संपतो नि कल्पना कुठं सुरू होते, ते सांगणं कठीण. कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी १९६६ च्या 'आम्रपाली'साठी अजिंठ्याच्या चित्रांचा अभ्यास केला. आम्रपाली बुद्धाच्या काळातली. अजिंठ्याची बहुतेक चित्रं त्यानंतर सुमारे हजार वर्षांनी रंगवलेली. वैशालीतल्या नर्तकीचं वस्त्र काही आपल्यापर्यंत पोचलेलं नाही, मग हजार वर्षांपलीकडच्या भिंतीवरून तिला नेसवावं लागलं. पण कमरेशी कापड कसं वळतं, हे त्या भिंतींनी खरं सांगितलं होतं, म्हणून ती आपल्याला पटते. पुढे 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पण माझ्या मनात त्या आहेत त्या अजिंठ्याच्या अंधारात, हातात वही घेऊन उभ्या.

शिमग्याच्या आधी मी संकासुर शिवला. कोकणच्या दशावतारात वेद पळवणारा हा असुर काळ्या पोशाखात, तोंड झाकून येतो आणि मालवणीत बोलून सगळ्यांना हसवतो. आमच्या मातीतला हा कल्पनेतला प्राणी कुठल्याही परदेशी राक्षसाच्या तोडीचा आहे, आणि शिवण्याच्या छंदात पडलेल्या पोरांनी त्याच्याकडे आधी वळावं असं मला कळकळीनं वाटतं. त्याचं माप घ्यायचं ते नाचत्या अंगावरून. तो उडी मारतो, हात फेकतो, बसकण मारतो. टोपडं अंगरख्याला जोडलेलं असेल तर हात वर जाताच डोळ्यांची भोकं कपाळावर सरकतात. इथंही उपाय तोच. काखेत काळा चौकोन, जरा मोठा. असुर मोकळा झाला.

आता मुंबईच्या कॉमिक कॉनसाठी मैत्रिणीच्या मुलीची पंखवाली राणी चालू आहे. पंख तारेचे, त्यांचा भार पाठीवर, आणि पट्टे काखेखालून येतात. तिचं सगळं लक्ष मुकुटात. काल मी तिला मुकुट न घालताच आरशासमोर उभं केलं आणि म्हटलं, "दोन्ही हात वर कर." पंख उघडले, चोळी जागची हलली नाही. तिनं पुन्हा हात वर केले, मग पुन्हा. आता ती म्हणते, "मावशी, हिला शेपूटही हवं." शेपटीला कळ्याच लागतील, आणि त्या उरलेल्या आयतातून निघतात का, ते कागदावर आखून बघतेय.