बोटापुरता उजेड

"तो दिवा मालव गो बाय, मना काय दिसत नाय."

बाबांचं हे वाक्य मला तेव्हा उलटं वाटलं होतं. खारदांड्याचं बंदर, पहाटेचे साडेतीन. होडी निघायच्या बेतात, खलाशी जाळ्यांचे दोर आवरत होते, आणि बाबांच्या हातात हंगामाच्या सुरुवातीला घेतलेलं जीपीएस होतं. मुठीत मावेल एवढं, खाली सात-आठ रबरी बटणं. त्या बटणांच्या पोटातला दिवा काही महिन्यांतच गेला होता. पडदा उजळायचा, बटणं मात्र काळीच राहायची. म्हणून मी शहाणपणानं बॅटरीचा झोत थेट बाबांच्या हातावर धरला. बटणं लख्ख दिसली. पण बाबांना समोरचं पाणी दिसेनासं झालं. पुढची वीस मिनिटं ते डोळे किलकिले करत होडीच्या नाळीवर उभे राहिले, आणि मी बंदरावर, हातात विझवलेली बॅटरी घेऊन.

आमच्या घरी मासेमारी डोलीची. समुद्राच्या तळात खुंट ठोकलेले, त्यांना बांधलेलं शंकूच्या आकाराचं जाळं पाण्याच्या ओढीला तोंड देऊन उभं. ओढ मंदावली की जाळं उचलायचं, बोंबील, जवळा, मांदेली काढून घ्यायची. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे कोळ्याचा दिवस सूर्याबरोबर उगवत नाही, पाण्याबरोबर उगवतो. महिन्यातल्या कितीतरी फेऱ्या अंधारातच पडतात. त्या अंधारात आपला खुंट शोधायचा, तर आजोबांकडे खुणा होत्या. वांद्र्याच्या टेकडीवरच्या मोतमावली चर्चचे मनोरे अमुक माडाच्या रेषेत आले की एक रेघ, उत्तरेला मढचा किल्ला तमुक टोकावर आला की दुसरी. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे खाली आपलं जाळं. कागद नाही, नकाशा नाही. डोळा आणि आठवण, दोनच साधनं.

मे २००० मध्ये अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. शंभर मीटरपर्यंत फसवणारं यंत्र एका रात्रीत दहा-वीस मीटरांवर आलं. खुंट शोधणाऱ्याला एवढा फरक म्हणजे जाळं सापडणं आणि न सापडणं. मग काही वर्षांत ते यंत्र बाबांच्याही हातात आलं. खरं तर तो एक छोटा संगणकच. आकाशातल्या उपग्रहांचे संदेश ऐकायचे, त्यांच्या वेळांची बेरीज-वजाबाकी करायची आणि आपली जागा सांगायची. एवढं मोठं गणित करणाऱ्या त्या यंत्राचं अडलं कुठे, तर बटण दिसत नाही या एका साध्या गोष्टीपाशी.

डोळ्याचं गणित मला पुष्कळ उशिरा समजलं. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन जातीच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी दिवसा काम करतात, रंग ओळखतात. दंडाच्या आकाराच्या पेशी रात्रपाळीच्या. त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन नावाचं द्रव्य प्रकाश पडला की विरतं, आणि अंधारात हळूहळू पुन्हा भरून येतं. पुरतं भरायला अर्धा तास लागतो, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे माझ्या बॅटरीच्या एका झोतानं बाबांच्या डोळ्यातला अर्ध्या तासाचा साठा सांडला होता. दृष्टीच्या अगदी मध्यबिंदूवर तर या रात्रपेशी नसतातच. म्हणून मंद तारा थेट पाहिला की नाहीसा होतो, थोडं बाजूला पाहिलं की परत येतो. बाबांना यातला एकही शब्द माहीत नव्हता, पण लांबचा बोया पाहताना ते नेहमी किंचित तिरके पाहत. मला वाटायचं, ती त्यांची लकब आहे.

तांबड्या उजेडाला या रात्रपेशी फारशी दाद देत नाहीत. हेही बंदरावर आधीपासून ठाऊक होतं. गणपतीच्या आराशीतून उरलेला लाल जिलेटिन कागद बॅटरीच्या काचेवर दुहेरी लावून दोऱ्यानं बांधलेला मी लहानपणापासून पाहत आले होते. पण बाबांचे दोन्ही हात कामात. एक सुकाणूवर, एक यंत्रावर. बॅटरी धरणार कोण? बटणांनी स्वतःच दिसायला हवं होतं. आणि ते काम मी अंगावर घेतलं.

आधी गेले गाड्यांच्या नंबरप्लेटी करणाऱ्याकडे. आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या प्रत्येक वस्तूला 'रेडियम' म्हणतात. रेडियमची पट्टी, रेडियमचं नाव, रेडियमचा गणपती. त्यानं पिवळ्या पट्टीचे बारीक तुकडे कापून दिले. घरी येऊन बटणांवर चिकटवले, दिवा बंद केला, आणि काहीच नाही. मग कळलं, या पट्टीला स्वतःचा उजेड नसतोच. तिच्यात काचेचे सूक्ष्म मणी असतात, जिथून उजेड येतो तिथेच त्याला माघारी धाडणारे. समोरून झोत आला तरच ती बोलते. होडीच्या कडेला लावायला ती उत्तम, बटणाला निरुपयोगी.

दुसऱ्या खेपेला छताला चिकटवायच्या प्लास्टिकच्या चांदण्या आणल्या. त्यांचे कोपरे कापून बटणांवर बसवले. या मात्र खरोखर उजळल्या, पोपटी, गार. दिवसा पिऊन ठेवलेला उजेड रात्री थेंब थेंब परत देणाऱ्या. पण जुन्या पद्धतीच्या झिंक सल्फाइडचा साठा तासाभरातच आटतो. बाबा खुंटापाशी पोहोचेपर्यंत चांदण्या मावळलेल्या असत. १९९० च्या दशकात जपानमध्ये स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचं नवं द्रव्य निघालं, रात्रभर पुरणारं, पण ते आमच्या गल्लीतल्या दुकानात अजून आलं नव्हतं.

खरं रेडियम ते कसलं, हे मी त्याच सुमारास वाचलं आणि माझा हात थबकला. १८९८ मध्ये मेरी आणि पिएर क्यूरी यांनी ते शोधलं. पुढे झिंक सल्फाइडात ते कालवून घड्याळांचे आकडे रंगवू लागले. त्याला दिवसा उजेड प्यायची गरजच नव्हती, ते आपलं आपण जळत होतं. अमेरिकेत न्यू जर्सी आणि इलिनॉय इथल्या कारखान्यांत तरुण मुली हे आकडे रंगवत. रेघ बारीक यावी म्हणून कुंचल्याचं टोक ओठांत धरून निमुळतं करायला त्यांना शिकवलेलं होतं. रेडियम हाडांत उतरलं, जबडे झडले, कित्येकींचे जीव गेले. त्या घड्याळांतले आकडे काही दशकांत मंदावले, कारण झिंक सल्फाइड झिजून गेलं. रेडियम मात्र तिथेच आहे. त्याची धग अर्ध्यावर यायलाच १६०० वर्षं लागतात. अंधारात किती वाजले एवढं कळावं, यासाठी दिलेली ही किंमत. बटणं दिसायला हवीत हे म्हणणं सोपं. ती कोणाच्या डोळ्यांवर, कोणाच्या ओठांवर दिसणार आहेत, हेही विचारायला हवं, हे मला त्या मुलींनी शिकवलं.

तिसरा उपाय आयेनं दिला, आणि तो उजेडाचा नव्हताच. आये पहाटे ससून डॉकला जायची, टेम्पोत पाट्यांमध्ये अंग चोरून बसून. तिच्या कमरेला नोकिया ११०० फोन असे. २००३ मध्ये आलेला, डोक्यावर छोटी बॅटरी असलेला, जगभरात २५ कोटींहून अधिक विकला गेलेला. त्याची सगळी बटणं एकाच रबरी चादरीत ओतलेली, म्हणून पाणी आत शिरत नसे. आयेला आकडे वाचायला अडचण पडे. पण ओढणीसारख्या गुंडाळलेल्या पदराआड, मासळीच्या ओल्या हातानं, न पाहता ती फोन लावायची. मी विचारलं, "कसं गो कळतं तुला?" तिनं माझा अंगठा धरून पाचच्या बटणावर ठेवला. मध्ये एक बारीक टिंब, उठलेलं. "इथना वर एक, खाली एक, बाजूला एक." पाच सापडला की सगळं घर सापडलं.

त्या रात्री मी एम-सील मळलं. होडीची भोकं बुजवायला ते घरात असायचंच. मोहरीएवढी गोळी मधल्या बटणावर, आडवी रेघ जागा साठवायच्या बटणावर, बाकीची कोरी. दोन तासांत ती दगड झाली. बाबांनी अंगठा फिरवून पाहिला, काही बोलले नाहीत. आठवड्याभरानं म्हणाले, "आता तुजा दिवा नको." खाऱ्या पाण्यानं चांदण्या सोलून निघाल्या, पट्ट्या निघाल्या, ती मोहरी मात्र यंत्र निकामी होईपर्यंत टिकली.

पुढे ते यंत्र बंद पडल्यावर मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एकानं माझ्यासमोर उघडलं. आत इवलासा एलईडी, त्याच्या तांब्याच्या वाटेवर खाऱ्या हवेचा हिरवा गंज. त्यानं एक बटण उलटं करून बल्बासमोर धरलं आणि मला एक सुंदर गोष्ट दाखवली. बटण मुळात दुधी, उजेड आरपार जाऊ देणारं. त्यावर काळा रंग दिलेला. मग लेझरच्या किरणानं रंग जाळून अक्षर कोरलेलं. म्हणजे आपण ज्याला उजळलेलं अक्षर म्हणतो, ती खरं तर रंग नसलेली जागा. अंधारात जेवढं खरवडून काढलं तेवढंच दिसतं.

संगणक बनवणाऱ्यांनाही हे कोडं सुटायला वेळ लागला. १९९७ मध्ये ब्रिटनच्या सायॉन कंपनीनं खिशात मावणारा, टंकनफलक असलेला सुरेख संगणक काढला. त्याचा पडदा अंधारात उजळायचा, बटणं काळीच. थिंकपॅडवाल्यांनी पडद्याच्या वरच्या कडेला एक छोटा दिवा लावला, समईनं पोथीवर उजेड टाकावा तसा बटणांवर उजेड टाकणारा. जानेवारी २००३ मध्ये ॲपलच्या १७ इंची पॉवरबुकात बटणंच आतून उजळली, आणि भोवतीचा उजेड मोजून ती आपोआप कमी-जास्त होऊ लागली. त्या शेवटच्या गोष्टीत मला बंदरावरचं शहाणपण दिसतं: अंधार किती आहे ते आधी विचारा, मग दिवा लावा. आजच्या बहुतेक बटणांतून मात्र निळसर पांढरा उजेड येतो. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ मध्ये नोबेल मिळालं, आणि ते योग्यच झालं, पण रात्रपेशींचा साठा सर्वांत लवकर सांडतो तो याच निळसर-हिरव्या बाजूच्या उजेडानं.

आता मी रात्री लिहिते ते लॅपटॉपवर, मराठीत, इनस्क्रिप्ट टंकनफलकानं. एक गोष्ट बसल्या बसल्या लक्षात आली. माझ्या बटणांखाली दिवा आहे, पण त्यावर कोरलेली अक्षरं रोमन. 'क' कुठे, 'त' कुठे, हे कोणत्याच बटणावर लिहिलेलं नाही. मराठी टंकणाऱ्याचा फलक भर दुपारीसुद्धा अंधारातच असतो. आम्हाला वाट दाखवतात त्या दोन उठलेल्या रेघा, एफ आणि जे या बटणांवरच्या. डाव्या तर्जनीखाली ऱ्हस्व वेलांटी, उजव्या तर्जनीखाली 'र'. त्या दोघी सापडल्या की सगळी बाराखडी सापडते. आयेचा पाच तो हाच.

दांड्याची रात्रही आता तशी राहिलेली नाही. दक्षिणेला २००९ पासून सागरी सेतूचे दिवे, किनाऱ्याला लागून इमारतींचे मजल्यावर मजले, पलीकडे नव्या पुलाच्या कामाचे झोत. आजोबांच्या खुणा जागेवर आहेत, पण त्यांच्यामागे एवढा उजेड पेटलेला असतो की मोतमावलीचे मनोरे त्यात विरघळतात. शहराला वाटतं, आपण समुद्र उजळला. समुद्रावर असलेल्या माणसाच्या डोळ्यांचं कोणी विचारलं नाही. मी उजेडाच्या विरोधात नाही. एका बटणाच्या उजेडासाठी मी इतकी धडपडले आहे. पण उजेड मोजून द्यायची वस्तू आहे, मिठासारखी.

१ जूनला मासेमारीची बंदी लागते आणि ३१ जुलैला संपते. गेल्या वर्षी १ ऑगस्टच्या पहाटे मी जागीच होते, खिडकीपाशी, एक लेख पुरा करत. बाबा आता समुद्रावर जात नाहीत. दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्यात. पण पहिल्या दिवशी होड्या निघताना ते उठतातच. माझ्यामागे येऊन उभे राहिले, बाहेर पाहू लागले. काही म्हणाले नाहीत. मी लॅपटॉपचा पडदा मिटता घेतला, बटणांचा दिवा कमी करत करत पार मालवला.

थोड्या वेळानं पाण्यावर एक तांबडा ठिपका दिसू लागला, मग त्याच्या शेजारी हिरवा. बाबा किंचित तिरके पाहत होते. "तीन हायत," ते म्हणाले. मला होड्या दोनच दिसत होत्या. माझ्या दोन्ही तर्जन्या त्या उठलेल्या रेघांवर होत्या, आणि लेखातलं अर्धं राहिलेलं वाक्य मी तसंच, न पाहता, पुढे लिहू लागले.