पाखरांचा वाटा

दिवाळी झाली की आमच्या गावात थंडी पडू लागते. सकाळी शेकोटीजवळून उठावेसे वाटत नाही. याच दिवसांत आमच्याकडे पाहुणी पाखरे येतात. उजनी धरणाच्या फुगवट्याचे पाणी गावापासून जवळ असल्यामुळे आम्हांला पाण्यावरची पाखरे दिसतात आणि शिवारातलीही दिसतात.

यंदा पहिला आला पांढरा धोबी. शाळेच्या हापशाजवळ तो शेपटी वरखाली करीत तुरूतुरू चालत होता. मग फुगवट्यावर भगव्या रंगाची चक्रवाक बदके आली. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून येतो.

५ ते १२ नोव्हेंबर या काळात शाळेत पक्षी सप्ताह झाला. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस. ते आपल्या सोलापूरचे. १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. गुरुजींनी प्रत्येकाला एका पाखराविषयी लिहायला सांगितले. मी भोरडी घेतली, तेव्हा सगळा वर्ग हसला. भोरडी म्हणजे ज्वारीची वैरीण! पण मला तिच्याविषयीच सांगायचे आहे.

भोरडीला पळसमैना असेही म्हणतात. अंग गुलाबी, डोके, पंख आणि शेपटी काळी. ती मध्य आशियातून येते. तिकडे ती दगडांच्या कपारीत घरटी करते आणि पिल्लांना टोळ, नाकतोडे भरवते. आपल्याकडेही ती किडे खाते. पण ज्वारीचा दाणा चिकात आला की शेकडो भोरड्यांची झुंड कणसांवर उतरते.

गेल्या वर्षी आमची दोन एकर मालदांडी होती. शाळेच्या आधी आणि रविवारी मी आबांबरोबर माळ्यावर पाखरे राखायला जात असे. आबांनी मला गोफण शिकवली होती. एके दिवशी झुंड उतरली. मी गोफण फिरवली आणि दगड सोडला. झुंड भर्रकन उडाली, पण एक भोरडी ताटांत पडली. मी पळत गेले. तिचा पंख मोडला होता. मी तिला ओंजळीत घेतले. तिची छाती धडधडत होती. आबांनी तिच्या चोचीत पाण्याचा थेंब सोडला, पण थोड्या वेळाने तिने मान टाकली. मला रडू आले.

मी म्हटले, "आबा, मी मुद्दाम नाही मारलं."

आबा म्हणाले, "ठावं हाय गं. आपुन तरी काय करावं? पीक बी राखाया पायजे."

मग ते बांधावर बसले आणि म्हणाले, "माझ्या लहानपणी अख्खं शिवार ज्वारीचं व्हतं. पाखरं इथं मूठ, तिथं मूठ खायची. कुणा एकाला जड जायचं न्हाई. आता समदीकडं ऊस झाला. ज्वारी कुणाची? आपली आन् शेजारच्या तात्यांची. मग पाखरं जात्याल कुठं?"

हे मला आधी कधीच सुचले नव्हते. धरणाचे पाणी आले, ऊस आला, लोकांना चार पैसे मिळाले. ते चांगलेच झाले. पण गावाचा पाखरांचा वाटा आता आमच्या दोन घरांवर पडतो. म्हणून ज्वारी पेरणारा दर वर्षी कमी होतो आणि उरलेल्यावर झुंड आणखी दाट उतरते. माझ्या वडिलांनीही यंदा एकच एकर पेरली. पुढच्या वर्षी तीही मोडून ऊस लावू, असे ते म्हणतात.

मी यंदाही माळ्यावर जाणार आहे. पण गोफणीत दगड घालणार नाही. गोफणीच्या टोकाला वाख बांधला की फट् असा आवाज होतो. तेवढ्याने भोरड्या उठतात. शिवाय पत्र्याचा डबा आहेच. दाणे थोडे जास्त जातील, हे मला माहीत आहे.

हा लेख वाचायला आलेल्या पालकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या रब्बीत प्रत्येकाने अर्धा-एक एकर तरी ज्वारी पेरावी, आणि ती शेजारीशेजारी पेरावी. घरी भाकरी होईल, जनावरांना कडबा होईल, राखणीलाही सोबत मिळेल. पाखरांचा वाटा सगळ्यांत वाटला गेला, तर तो कुणालाच जड जाणार नाही.

वडिलांना मी हेच सांगितले. ते म्हणाले, "बघू." काल संध्याकाळी विजेच्या तारेवर भोरड्या ओळीने बसल्या होत्या. मी एकवीसपर्यंत मोजल्या. मग त्या उडाल्या आणि आमच्या ज्वारीवरून एक फेरी मारून गेल्या. अजून कणसे भरायची आहेत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी